कानावर घालणं

मी कामाला लागलो तेव्हा ती
आरिकाच्या एका बेकरीच्या खोक्यात होती,
आणि एकटी नव्हती.
सोबत कुणाची तरी तिसरी मांडी,
एका लेकराची टाळू,
माशांचे काटे, तेही मोजून.
कपाळावर शाईनं आकडा.
लिहिणाऱ्याचं अक्षर फार वळणदार होतं.

आता एक खण, एक माणूस.
आम्ल नसलेला कागद, सुती उशी.
उशी माझ्या बायकोनं शिवली, मी दिलेल्या मापानं.
कुणासाठी, ते विचारलं नाही.
शाई पुसता येत नाही,
पुसायला गेलं की हाडाची साल निघते.
म्हणून तिला जरा कुशीवर वळवून ठेवतो,
आकडा भिंतीकडे.

सात हजार वर्षं वाळवंटानं तिला सांभाळलं,
फुकट, कुलूप न लावता.
आम्हाला तीस वर्षं नीट जमेना.
पहाटे समुद्रावरून धुकं चढतं,
दाराच्या फटीतून नाक खुपसतं
आणि भिंतीवरचा काटा सरकू लागतो:
पंचावन्न. अठ्ठावन्न.
साठाच्या आत मी उठतो,
यंत्राच्या पोटातलं पाणी बादलीत ओततो.
ते पाणी मोरीत टाकवत नाही. लिंबाच्या झाडाला घालतो.

मार्चमध्ये इग्नासिया आली, दक्षिणेकडून, दोन दिवस बसनं.
नखं बारीक कापलेली. हाडाची अभ्यासू.
तिला एक दात हवा होता,
अख्खा नाही, अर्धा ग्रॅम भुकटी:
"ही कुठलं पाणी प्यायली ते कळेल."
कागद होते. कागदांवर शिक्के होते.
मी म्हटलं, फोर्तुनाताबाईंच्या कानावर घातलंस?

फोर्तुनाता खोऱ्यातून आली, टोमॅटोच्या ट्रकमध्ये पुढे बसून.
रुमालात कोकाची पानं.
टोपी काढून मांडीवर ठेवली.
इग्नासिया बोलत राहिली. नमुना, समस्थानिकं, आर्सेनिक.
दाताच्या कण्या करून सांगत होती पोर,
आणि कण्या व्हायच्या होत्या
दुसरीच्याच दाताच्या.
मला हसू आलं. मग लाज वाटली.

म्हातारी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
तिनं विचारलं,
"कुठला दात? दुखत होता का तिचा?"

हे मुलीला कुणी शिकवलं नव्हतं.
तिनं दिवा जवळ ओढला.
बराच वेळ नुसता यंत्राचा घरघराट.
"खालची डावी दाढ," ती शेवटी म्हणाली,
"मुळाशी हाडाला भोक आहे. पू झाला असणार.
महिनोन्महिने.
ही उजवीकडनंच चावायची, बघा ना,
तिकडचे दात किती झिजलेत."

फोर्तुनाताचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.
"मग त्या दाढेला हात लावू नकोस.
एवढी सोसलीये तिनं ती.
न दुखलेला घे."

पानं उशीशी ठेवली. तीन.
मग भिंगाचा चष्मा, आणि सुईएवढा आवाज.

ऑगस्टात टपालानं चार पानं आली, शेवटच्यावर आलेख.
पाणी ह्याच नदीचं. विष तेव्हाही होतं त्यात.
सोबत इवली कुपी, उरलेली भुकटी,
मीठ म्हणून कुणी चाखलीही नसती एवढी.
कुपी तिच्या खणात ठेवली.
नोंदवहीत लिहिलं: परत.

मग दार लावून घेतलं
आणि चारही पानं तिला वाचून दाखवली, स्पॅनिशमध्ये.
तिची भाषा आता जगात कुणाला येत नाही.
समस्थानिकांपाशी अडखळलो.
ती ओळ पुन्हा वाचली.

रात्री घरी पाव
उजवीकडनंच चावून पाहत होतो.
बायको म्हणाली, दाढ दुखतेय?
म्हटलं, माझी नाही.
ती थोडा वेळ गप्प.
मग ताट उचलता उचलता म्हणाली,
उशी लहान तर पडत नाही ना?